चोवीस व्होल्टचं घर

१८ सप्टेंबर. आजचं काम: ट्रकमधला टीव्ही उतरवणे. चार बोल्ट, दोन वायरी, एक भोंगा. तासाभरात व्हायला हवं होतं. अडीच तास लागले, कारण ते बोल्ट मीच आवळले होते आणि कितीही खड्डे आले तरी सुटू नयेत अशा बेतानं आवळले होते.

ट्रक गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात, माझ्या टीव्हीच्या दुकानासमोर उभा होता. त्याचा नवा मालक गोंदियाचा. तो खाली उभा राहून मोबाईलवर वेळ पाहत होता.

"मॅडम, निकालने की क्या जरूरत है? यही सामने लगा दो ना, स्टेअरिंग के ऊपर."

"सामने नाही लागणार."

"क्यों?"

"मी लावत नाही म्हणून."

तो हसला. मी पाना फिरवत राहिले.

सकाळी जुन्या मालकाच्या मुलाचा फोन आला होता. वडील जाऊन दीड महिना झाला, ट्रक विकला, आता टीव्हीचं काय करायचं एवढाच प्रश्न होता.

"ताई, तो तुमच्याकडंच राहू द्या. विका, ठेवा, काहीही करा. घरी मोठा टीव्ही आहे, पण माय त्याच्यासमोर दोन मिनिटं बसत नाही."

"मग काय करते?"

"उठते आणि चालायला लागते. परवा तलावाच्या पाळीवर, पार बांधावर गेली होती. धुणं धुणाऱ्या बायांनी हात धरून परत आणली. आता मी खोलीला बाहेरून कडी लावतो." मग तो म्हणाला, "सोमवारी मला पुण्याला कामावर हजर व्हायचं आहे. त्याच्यापुढचं काही सुचत नाही."

मला कोणाला धीर देता येत नाही. मी "बघते" म्हटलं, पाना घेतला आणि ट्रकवर चढले. चढण्याआधी चपला खाली काढून ठेवल्या. नवा मालक बघतच राहिला. ही सवय मला त्याच्या आधीच्या मालकानं लावली होती.

त्यांना मी काकाजी म्हणत असे. पहिल्यांदा चपलांसकट पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्यांनी वरून हात आडवा केला होता. "घरात चप्पल घालून येते का कोनी?" ते थट्टा करत नव्हते. केबिनमध्ये सतरंजी होती, डब्यांना झाकणं होती, दोन थाळ्या फडक्यात बांधून खिळ्याला टांगलेल्या होत्या. गोंदियाच्या राईस मिलमधून तांदूळ भरायचा, आंध्र-तेलंगणात उतरवायचा, परत यायचं. महिन्यातले पंचवीस दिवस मुक्काम तिथंच. केशोरीकडच्या त्यांच्या गावात पक्कं घर होतं, पण त्या घराला ते "गावचं" म्हणत आणि ट्रकला "घर".

पासष्टीचे होते. बुटके, खांद्यावर पंचा, बोलताना समोरच्याकडे न पाहणारे. दुकानात खुर्चीवर कधी बसले नाहीत. दाराकडे तोंड करून उकिडवे बसायचे आणि ट्रकवरची नजर हलू द्यायचे नाहीत. मला वाटलं, माल चोरीला जाईल म्हणून भीती असेल. पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं ते वेगळ्याच कारणावरून.

"बाई, ट्रकात लावाचा टीव्ही पायजे."

"ट्रकात मी टीव्ही लावत नाही. दुसरं दुकान बघा."

"काऊन?"

"चालवताना बघाल. कोणाच्या तरी अंगावर गाडी घालाल. मला ते नको."

"मी कायले पाहू? मले रस्ता पाहाचा रायते." मग ट्रककडे पाहतच म्हणाले, "तिच्यासाठी हाय."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. केबिनच्या खिडकीत एक बाई बसली होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, केस चापून बसवलेले. कोणीतरी नीट विंचरून दिले होते, आणि ते कोणी हे मला नंतर कळलं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी तिच्या दुखण्याचं नाव लिहून दिलं होतं. काकाजींनी ते नाव कधी उच्चारलं नाही. ते कोहळी समाजाचे. त्यांच्या वाडवडिलांनी तलाव बांधले, बोड्या म्हणजे शेतातली लहान तळी बांधली, आणि जगातली कुठलीही गोष्ट पाण्याच्या भाषेत आणल्याशिवाय त्यांना ती पटत नसे. "डोक्याची पाळ झिरपून रायली," एवढंच ते म्हणाले. घरी ठेवली तर ती तलावाकडे चालू लागायची. मुलगा पुण्याला. शेजारी किती दिवस पाहणार? म्हणून दोन वर्षांपासून ती ट्रकमध्ये होती. पण ट्रक थांबला की उतरायला बघायची. रांगेत, ढाब्यावर, नाक्यावर, कुठंही.

"मोबाईल द्या हातात," मी म्हटलं.

"दोन देल्ले. दोन्ही खिडकीतून फेकले तिनं. मोबाईलात मानसं नख्खाएवढी दिसते. ती मने, हे कोंडले हायेत, सोडा यायले."

तर टीव्ही. माणसं माणसाएवढी नाही तरी ओळखण्याएवढी दिसावीत, तिचा हात पोचू नये, रिमोट नको, आणि काकाजींना तो दिसू नये. माझ्या अटी आणि त्यांच्या अटी जुळल्या म्हणून मी काम घेतलं.

गिऱ्हाईक टीव्ही घ्यायला आलं की विचारतं, चित्र कसं आहे, आवाज कसा आहे. काकाजींनी हे काही विचारलं नाही. मी माहिती सांगायला लागले तसे त्यांनी पंचा झटकला. "चालते कसा ते नोको सांगू बाई. बंद पडल्यावर काय करते ते सांग."

हा प्रश्न ते प्रत्येक वस्तूबद्दल विचारत. टॉर्च, स्टोव्ह, ब्रेक, माणूस. माझ्या दुकानात कामाला असलेल्या माणसाबद्दलही विचारला होता: "हा चिडल्यावर काय करते?" मला तो तेव्हा विक्षिप्तपणा वाटला. आता मी स्वतः माल घेताना हेच विचारते.

छतावर डिश लावायचा विचार मी आधीच बाद केला होता. चालत्या गाडीत छत्रीचं तोंड ठरल्या जागी राहत नाही. इंटरनेटवरचा टीव्ही करून पाहिला. देवरीच्या पुढं जंगल लागलं की नेटवर्क जातं आणि पडद्यावर एक चाक गोल गोल फिरत राहतं. ते चाक त्यांनी दुकानातच बघून घेतलं. "हे असं किती वेळ फिरते?" "नेटवर्क येईपर्यंत." "नोको." राहिला पेनड्राईव्ह. मग प्रश्न आला की टीव्ही मध्येच बंद होऊन चालू झाला तर पेनड्राईव्ह आपोआप चालू होतो का. बहुतेक होत नाहीत. निळा पडदा येतो आणि बटण दाबायची वाट पाहत बसतो.

दुकानात त्या वेळी सात लहान टीव्ही होते. काकाजींनी सातही मांडायला लावले. स्वतः बोर्डापाशी उकिडवे बसले आणि एकेकाचा प्लग उपसून परत खोचू लागले. मग म्हणाले, "मी पाहून काय फायदा? तिले आनतो."

बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर एसटी, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या. ते तिला हाताला धरून घेऊन आले, बाकावर बसवलं. ती शांत बसली. पहिल्या टीव्हीवर मंडईच्या जत्रेतली दंडार, आमच्याकडचं लोकनाट्य लावलं होतं, कोणीतरी जुन्या मोबाईलवर घेतलेलं, ढोलकीपेक्षा खोकलाच जास्त. तिला ती आवडली. मान हलवत होती. काकाजींनी प्लग काढून परत लावला. निळा पडदा आला. ती उठली, माझ्याकडे बघून हसली आणि दुकानातून बाहेर पडली. घाई नाही, वळून पाहणं नाही. पाहुणा जेवून निघतो तशी.

मी गल्ल्यावर होते, काकाजी बोर्डाखाली. आम्ही बाहेर येईपर्यंत ती रस्ता ओलांडत होती. एका मोटारसायकलवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि मला शिव्या दिल्या, कारण मी पुढं होते. मी तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, "चाल, उशीर झाला."

"कुठं जायला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मलाच काही आठवत नव्हतं.

त्या दिवशी मला समजलं की हा माणूस उभ्या उभ्या, बसल्या बसल्या, चालवताना, जेवताना सतत कशाला भीत असतो. त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही. एक जुनं मॉडेल होतं, एकोणीस इंची, बारा व्होल्टवर चालणारं, वीज आली की स्वतःहून पेनड्राईव्ह वाजवणारं. कंपनीनं ते बंद केलं होतं, कारण लोकांना ते मागास वाटायचं. तेच घेतलं. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या मागं झोपायचा फळा असतो. ती त्याच्या डाव्या टोकाला मांडी घालून बसायची. टीव्ही उजवीकडे, छताला, काकाजींच्या डोक्याच्या बरोबर मागं बसवला. खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर दिलं, हादरे खायला. काकाजींना फक्त आवाज यायचा. पुढं पुढं त्यांना अख्खी नाटकं पाठ झाली. त्यातल्या एकाही नटाचा चेहरा त्यांनी पाहिलेला नव्हता.

पण नाटकं फार दिवस चालली नाहीत. नाटकात कोणी कोणाला नावानं हाक मारली की ती उठून शोधायला निघायची. काकाजी दोन खेपांनंतर आले. "बाई, असं काई पायजे जेच्यात कोनी कोनाले बलावत नाई."

"असं काय असतं?"

"रोवनी असते."

तर मी, तीन एकरांची मालकीण आणि दुकानदारीण, भर श्रावणात आमच्याच बांधीच्या धुऱ्यावर, धानाच्या खाचराच्या काठावर, छत्री धरून तीन तास मोबाईल रोखून उभी राहिले. खाली बारा बाया वाकून धान लावत होत्या. बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही असं सांगितलं होतं. ते त्यांना जमणारं नव्हतंच.

"बाई, आमचे चेहरे घेऊन रायले का पाठी?"

"पाठी."

"मंग साडी तरी नवी नेसून आलो असतो."

"ट्रकात लावनार मने. आमी हैदराबादले जाऊन रायलो फुकटात."

"गप लाव. तिची बांधी अर्धीच हाय अजून, अन ही पाहा शूटिंग करते."

ते बोलणं मी नंतर काढून टाकलं. उरला फक्त पाण्याचा आवाज, चिखलातून पाय उपसल्याचा आवाज, आणि मागं मागं सरकणाऱ्या बारा पाठी. ते तीन तासांचं चित्र ती रोज बघायची. संपलं की पुन्हा सुरू. काकाजी म्हणायचे, "रोज बारा एकर रोवून होते आमच्या घरी."

हे सगळं सुरळीत झाल्यावरचं सांगते आहे. त्याआधी जे झालं ते माझ्या हातून झालं.

ट्रक चोवीस व्होल्टवर चालतो. बारा बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. टीव्ही बाराचा. मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो, आणि तो माझ्याकडे संपलेला होता. नागपूरहून यायला चार दिवस. काकाजींना दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.

ते म्हणाले, "दोन बॅटऱ्या हायेत ना? एकीलाच जोड. बाराच्या बारा."

"तसं करतात लोक. चुकीचं आहे. जिच्यातून घ्याल ती रिकामी होत जाईल."

"काऊन होईल? दुसरी भरलेली हाय ना वरती."

मग त्यांनी मला समजावलं. खडू घेऊन माझ्याच फरशीवर आकृती काढली. वरची बोडी, खालची बोडी, मध्ये पाट. खालच्या बोडीतून बांधीला पाणी सोडलं की वरची आपोआप खाली येते. जोडलेल्या पाण्याची पातळी सारखी होते, हे लहान पोरालाही कळतं. त्यांच्या पणज्यानं अशा तीन बोड्या एका रांगेत बांधल्या होत्या आणि एकही कधी कोरडी पडली नव्हती.

"काकाजी, वीज पाण्यासारखी नसते. त्या दोन बॅटऱ्या एकमेकींना काही देत नाहीत."

"जोडल्या हायेत अन देत नाईत?"

"नाही."

"तुमा पोवाराईले जमीन समजते. पानी नाई समजत."

मी पोवारांची, शेतकऱ्यांची पोर खरी, पण आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आहे. वर्गात आम्ही दोनच मुली होतो आणि मी पहिली आले होते. तरी फरशीवरची ती आकृती मलाही बरोबर दिसत होती. आणि मी नाही जोडलं तर ते स्वतः चिमट्यानं जोडतील हेही दिसत होतं. मी एका बॅटरीला वायर जोडली. फ्यूज दिला. बजावलं, इंजिन बंद असताना दोन तासांच्या वर नाही. त्यांनी मान डोलावली. ही मान मला ओळखता यायला हवी होती. वरची बोडी भरलेली असताना खालच्या बोडीचं पाणी कोण मोजत बसतं?

चौथ्या दिवशी दुपारी बाराला फोन आला. तेलंगणात एका गोदामाबाहेर दोन दिवसांपासून रांगेत उभे होते. साठ-सत्तर ट्रक. इंजिन बंद, टीव्ही दिवसभर चालू, त्याच वायरला पंखा, त्याच वायरला मोबाईलचा चार्जर.

"बाई, टीव्ही बंद पडला. गाडीही सुरू होऊन नाई रायली. बॅटरीचा डबा खोलून पाह्यलो. एक पुरी कोरडी. अन दुसरी..." आवाजात राग नव्हता, नवल होतं. "दुसरी तुडुंब हाय. बाजूले बसून हिनं थेंब नाई देल्ला."

मी म्हटलं, "काकाजी, काकू कुठं आहेत?"

बॅटऱ्या ट्रकच्या बाजूला, चाकाजवळ असतात. तिथं वाकलं की केबिन दिसत नाही.

"वरती हाय," ते म्हणाले. मग पावलं ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज आला. "थांबजो बाई," म्हणाले. त्यांनी फोन कुठंतरी ठेवला असावा. मला ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते आणि लांब कुठंतरी ते "अवो, अवो" करत होते. मग काहीच नाही. फोन लागेनासा झाला. त्याचीही बॅटरी त्याच वायरीवर होती.

मी गिऱ्हाइकांना काय दिलं, काय नाही, आठवत नाही. दर पाच मिनिटांनी फोन लावत होते. एक वाजता सुचलं म्हणून गोंदियाच्या मिलच्या मुनीमला फोन केला.

"मुनीमजी, तुमच्या तांदळाची गाडी तिथं रांगेत उभी आहे. ड्रायव्हरची बायको हरवली आहे."

"गाड़ी में औरत क्या कर रही थी?"

"हे नंतर विचारा. त्या रांगेत आणखी कोणाची गाडी आहे?"

मुनीम तसा भला. त्यानं ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर टाकलं. मी घरी फोन करून सांगितलं की जेवायला येत नाही. दुकानात बसून उरलेले सहाही टीव्ही चालू केले आणि बंद केले. फरशीवरची आकृती कोणीतरी झाडून टाकली होती.

साडेपाचला मुनीमनं फोटो पाठवला. एका ट्रकच्या केबिनमधला. मागच्या फळ्यावर, डाव्या टोकाला, ती मांडी घालून बसलेली. मान किंचित वर, उजवीकडे. तिथं काही नव्हतं, दुसऱ्याचा ट्रक होता. पडदा बंद झाल्यावर ती उतरली, चार ट्रक ओलांडले, सारख्याच रंगाच्या पाचव्यात चढली आणि आपल्या जागी जाऊन बसली. तो ट्रक माल उतरवून नुकताच बाहेर निघत होता. मागं पडदा ओढलेला. ड्रायव्हरला ती डिझेल पंपावर दिसली, तिथून तीस किलोमीटरवर.

आणि काकाजींना मागं जाता आलं नाही, कारण गाडी सुरू होत नव्हती. कोणता ट्रक, कोणत्या दिशेनं, हे कळायलाही त्यांना तीन तास लागले. हे सगळे तास ते पायी त्या रांगेतून फिरत होते, एकेक दार ठोठावत. त्या भल्या माणसानं आपली गाडी पंपावर लावली आणि दुसऱ्याच्या गाडीतून तिला परत आणून सोडलं. मुनीमचा फोन आला, "मिल गई मैडम, बैठी है, चाय पी रही है." मी दुकानाचं शटर ओढलं आणि आतच खाली बसले.

काकाजी आठवड्यानं आले. मी बोलणी खायची तयारी केली होती. त्यांनी पंच्यातून एक पुडकं काढून काउंटरवर ठेवलं. तलावातले सुकवलेले झिंगे.

"मी झिंगे खात नाही, काकाजी."

"मंग शेजारनीले दे."

"चूक माझी होती. मला माहीत होतं आणि मी जोडून दिलं."

ते ट्रककडे बघतच म्हणाले, "तू सांगतली होतीस. मीच पान्याचं आयकलो." मग, "आता बंद पडल्यावर काय करते, त्याची सोय कर."

मी कन्व्हर्टर बसवला. टीव्हीसाठी तिसरी, वेगळी बॅटरी दिली. दाराला आणि टीव्हीला मिळून एक भोंगा जोडला: टीव्हीची वीज गेली की वाजेल, डावं दार उघडलं की वाजेल, आणि उजवीकडच्या, काकाजींच्या बाजूच्या बटणाशिवाय बंद होणार नाही. पहिल्यांदा वाजला तेव्हा समोरच्या चहावाल्याच्या हातून किटली पडली. काकाजींनी तो अकरा वेळा वाजवून पाहिला.

त्यानंतर दोन वर्षं ती कुठं हरवली नाही. ते गोरेगावातून जाताना हॉर्न देत, मी काउंटरवरून हात वर करी. कधी थांबले तर पाण्यावरच बोलत. इटियाडोह धरणाचं त्यांना कौतुक नव्हतं. "ते सरकारचं पानी. आमचं पानी वळखीचं." मुलाबद्दल एकदाच म्हणाले की तो चांगला आहे, फक्त मायशी बोलताना तिच्या तोंडाकडे पाहतो, आणि तिला ते आवडत नाही, तोंड ओळखता आलं नाही तर ती घाबरते. मी काम करता करता ऐकलं होतं. त्या वेळी त्यात काही ऐकण्यासारखं वाटलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये ताप आला. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी गेले. गावच्या घरात, ट्रकमध्ये नाही. एवढं एक बरं झालं. रस्त्यात गेले असते तर तिचं काय झालं असतं याचा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

टीव्ही उतरवून झाल्यावर मी नव्या मालकाला ट्रक घेऊन जायला सांगितलं. टीव्ही विकायच्या मांडणीवर ठेवला. मग उचलला आणि जुन्या चादरीत गुंडाळला.

१९ सप्टेंबर. सकाळी साडेसहाची बस पकडली. टीव्ही मांडीवर. दोनदा बस बदलून दहाच्या आत त्यांच्या गावी पोचले. मुलगा दारात उभा होता, दाढी वाढलेली. त्यानं कडी काढली. ती खोलीच्या मध्यभागी उभी होती, कुठं जायचं ते ठरवत असल्यासारखी.

मी मोजमाप केलं. पलंगाचं डावं टोक, तिथून चार फुटांवर उजवीकडे भिंतीत ब्रॅकेट ठोकलं, ट्रकमध्ये होतं त्याच उंचीवर. अडॅप्टर लावला, पेनड्राईव्ह लावला. चिखल, पाणी, पाठी. तिला पलंगावर बसवलं. ती बसली. मुलानं माझ्याकडे पाहिलं. दोन मिनिटांत ती उठली आणि दाराकडे गेली. परत आणली. परत उठली. तिसऱ्यांदा मुलगा म्हणाला, "जाऊ द्या ताई. मी म्हटलं होतं तुम्हाला."

अडॅप्टरची पिन सैल वाटत होती. मी स्टूल ओढून टीव्हीखाली बसले, भिंतीकडे तोंड करून, आणि स्क्रू आवळू लागले. स्क्रू बारीक होता, चष्मा घरी विसरलेला. पाच-सात मिनिटं गेली असतील. मागून काही आवाज नाही म्हणून मी वळून पाहिलं. ती पलंगाच्या टोकाला मांडी घालून बसली होती. आमची नजरानजर झाली आणि ती उठू लागली.

मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पलंग करकरला. ती बसली.

"काय झालं?" मुलानं विचारलं.

"हळू बोल. बसली आहे ना?"

"हो."

"कुठं बघते? टीव्हीकडे की खाली?"

त्यानं दारातून वाकून पाहिलं. मग म्हणाला, "तुमच्या मानेकडे."

मी त्याला सांगितलं: ट्रकमध्ये टीव्हीखाली तुझ्या वडिलांची मान असायची. स्टूल इथंच राहील, हलवायचं नाही. टीव्ही वर चालू, खाली माणूस, पाठमोरं. बोलायची गरज नाही, काम करत बसलं तरी चालेल. गावातली कोणी बाई ठेवायची तर तिला आधी हेच शिकवायचं. वळायचं नाही.

"अन सोमवारी?"

"ते मला काय विचारतोस?"

तो फोन घेऊन अंगणात गेला. खिडकीतून त्याचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. "नाही सर... नाही, सोमवारी नाही जमणार... किती दिवस ते सांगता येत नाही." मधे बराच वेळ तो नुसता "हो, हो" करत होता. माझ्यामागं तिचा श्वास ऐकू येत होता, संथ, आणि वर चिखलातून पाय उपसल्याचा आवाज. माझी परतीची साडेबाराची बस फाट्यावर हॉर्न देऊन गेली. मी वळले नाही.